मुंग्या माझ्याच गोळ्यांना

संधिवात नुकताच कळलेल्या बायका कुणाकुणाच्या ओळखीने माझ्याकडे येतात आणि विचारतात, "तुम्ही एवढं सगळं काढलंत, धीर कसा धरलात हो?" मी त्यांना चहा देते आणि खरं ते सांगते. धीर वगैरे मी काही धरला नाही. मी हेवा केला. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत केला, आणि त्याच्याच जोरावर औषध पुरं घेतलं. हे कुणाला सल्ला म्हणून देता येत नाही, एवढं मला कळतं. पण घडलं तसं सांगते.

शिफ्टची कळ

नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं. पनवेलला तेव्हा मुंबईची लोकल आलेली नव्हती, एसटीनेच जायचं. मी कळंबोलीला एका लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे टायपिस्ट होते. बाहेर ट्रकांचा खडखडाट आणि आत माझ्या मशीनचा, पण शेठ म्हणायचे, शुभाबाईंच्या कागदात चूक सापडत नाही. एका सकाळी शिफ्टची कळ दाबली आणि करंगळीतून कोपरापर्यंत दुसरीच कळ गेली. वाटलं, हात अवघडला असेल.

महिन्याभरात सकाळी नळ फिरवता येईना. बोटांची पेरं फुगली. हातातल्या बांगड्या साबण लावूनही निघेनात, शेवटी फोडाव्या लागल्या. गावातल्या डॉक्टरांनी वात म्हणून गरम पाण्यात हात बुडवायला सांगितलं. बुडवले. मग आमचे नातेवाईक सुरू झाले. कुणी मेथीचे लाडू पाठवले, कुणी तेल, कुणी तांब्याचं कडं. कड्यात हात जाईना, हे त्यांना सांगून पटत नव्हतं.

शेवटी माझा नवरा सुधीर रसायनीच्या कारखान्यातली पाळी बदलून घेऊन मला मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी माझी बोटं एकेक करून दाबली, रक्ताचे कागद पाहिले आणि म्हणाल्या, "हा म्हातारपणाचा संधिवात नाही. हा तरुणपणीही येतो आणि राहतो."

"राहतो म्हणजे किती दिवस?" सुधीरने विचारलं.

"राहतो," त्या पुन्हा म्हणाल्या.

परतताना एसटीत सुधीरने शेंगा घेतल्या. तो एकेक सोलून दाणे माझ्या तळहातावर ठेवत होता. तोवर मी ठीक होते. ते दाणे बघून रडले.

माझी लेक चिमू तेव्हा दुसरीत. केस कमरेपर्यंत, आणि शाळेचा नियम दोन घट्ट वेण्यांचा. मला रिबिनीची गाठ मारता येईना. सुधीरने घातलेली वेणी शाळेच्या फाटकापर्यंत सुटायची. केस कापू या म्हटलं तर पोरीने भिंतीकडे तोंड करून जेवण सोडलं. शेठ म्हणाले, "थोडे दिवस घरी आराम करा," आणि माझ्या मशीनवर नवीन मुलगी बसवली. मला नोकरी परत हवी होतीच. पण त्याच्याही आधी माझ्या मुलीच्या वेण्या मला माझ्या हाताने घालायच्या होत्या. दुसरं काही मी देवाकडे मागत नव्हते.

हेव्याची सुरुवात तिथली. भाजीवालीने शेंगेचं देठ खुडलं तरी मला तिची बोटं दिसायची. बसमध्ये कुणी सहज तिकीट दुमडलं की मी मान फिरवायचे. लसूण सोलणाऱ्या बाईचा हेवा करणारी मी बहुधा पनवेलमधली एकटीच असेन.

ट्रायल

डॉक्टरबाईंनी एकदा विचारलं, "आमच्याकडे एका औषधाची ट्रायल सुरू होतेय. याल का त्यात?"

"ट्रायल? ब्लाउजची घेतात तशी?" सुधीर म्हणाला. त्याला गंभीर प्रसंगी असंच काहीतरी सुचतं.

त्या हसल्या. म्हणाल्या, "साधारण तसंच. अंगाला बसतं का ते बघायचं. औषध नवं नाही, मलेरियावरचं जुनंच आहे. संधिवातावर किती चालतं ते नीट तपासायचंय. निम्म्या पेशंटना औषध मिळेल, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी साखरेची गोळी. कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. मलाही माहीत नसतं. दुखणं कमी करायची तुमची नेहमीची गोळी चालूच राहील, आणि नकोसं वाटलं तर कधीही सोडता येईल."

चिठ्ठ्या म्हटल्यावर मला भिशी आठवली. आमच्या भिशीत माझी चिठ्ठी कायम शेवटी निघते. पण न घेण्यापेक्षा निम्मी आशा बरी, म्हणून हो म्हटलं.

त्याच दिवशी बाकावर मोझेलताई भेटली. हातांचे पंजे मांडीवर उताणे ठेवून बसली होती, मी बसते तशीच. बोलता बोलता कळलं की ती आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते आणि चिमूच्याच शाळेत मराठी शिकवते. ती बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातली मराठी बोलणारी ज्यू. पनवेलमध्ये त्यांची थोडी घरं उरली होती, बरीच इस्रायलला निघून गेलेली. तिचा मुलगाही तिकडेच. ती आणि तिचा नवरा सॅमी कागदपत्रांची वाट बघत होते.

"एका गावच्या, एका दुखण्याच्या, आणि एकाच ट्रायलच्या," ती म्हणाली. "आता एसटीत जागा धरायला तरी सोबत झाली." मला ती फार आवडली. हेही सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की मला ती आधीपासूनच खुपत होती.

मुंग्या

आम्हाला दोघींना सारख्या पांढऱ्या बाटल्या मिळाल्या, फिरवून लावायच्या झाकणाच्या. मी माझी ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात सकाळी बाटली उचलली तर तळहातावर काहीतरी चालल्यासारखं वाटलं. हाताला मुंग्या येणं मला नवीन नव्हतं, म्हणून दुर्लक्ष केलं. मग बघितलं तर खऱ्याच मुंग्या. लाल, बारीक, भिंतीवरून ओट्यावर, ओट्यावरून बाटलीत, शिस्तीत रांग लावून.

मुंग्या कशाला लागतात ते आपल्याकडे शाळेत न गेलेलं पोरही सांगेल. एक गोळी जिभेवर ठेवून बघितली. गोड.

धावत मोझेलताईकडे गेले. तिची बाटली कपाटात, स्वच्छ. एक मुंगी नाही. "तुझ्या गोळ्यांना मुंग्या येत नाहीत?" मी विचारलं.

"नाही गं. का?"

मी कारण सांगितलं. तिने तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "असं कसं गं? चाखून तरी बघू माझी," आणि जिभेवर ठेवायला गेली. मी म्हटलं, "नको. तुझी वाया घालवू नकोस." ते म्हणतानाच माझा आवाज कडवट झाला होता. तिची खरी, माझी साखर. चिठ्ठी निघाली होती.

सुधीरला सांगितलं तर तो मुंग्या मारायचा खडू घेऊन आला आणि बाटलीभोवती गोल रेघ ओढली. त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. मुंग्या पलीकडून आल्या.

पारा

दर महिन्याला तपासणी असायची. रक्तदाब मोजतात त्या पट्ट्याची गुंडाळी करून हातात द्यायचे आणि सांगायचे, आवळा. जितका जोर, तितका नळीतला पारा वर. मोझेलताईचा पारा दर खेपेला वर चढायला लागला. माझा होता तिथेच लोळत होता. म्हणजे हातातला. डोक्यातला चढतच होता.

मग डॉक्टरबाई ठरलेले प्रश्न विचारायच्या. भूक लागते का, अंगावर पुरळ आलं का, पोटात दुखतं का? मी म्हणायचे, नाही. खरं म्हणजे पोटातच दुखत होतं. फक्त ते गोळीमुळे नव्हतं, बाजूच्या खुर्चीवर बसून कार्डिगनची बटणं स्वतः लावणाऱ्या बाईमुळे होतं.

या औषधासाठी डोळेही तपासायचे. थेंब घातले की दोन-तीन तास नीट दिसायचं नाही. एकदा आम्हा दोघींना थेंब घातले आणि तरी तीच माझं कोपर धरून मला एसटीत चढवत होती. "सांभाळ, पायरी आहे." माझ्याइतकंच तिलाही दिसत नव्हतं. पण तिला दांडा धरता येत होता.

आणि मग ते वेण्यांचं झालं. एका सकाळी ती शाळेत जाताना डोकावली, सुधीरची कंगव्याशी चाललेली झटापट बघितली आणि म्हणाली, "आण इकडे, मी घालते." तेव्हापासून ती रोज यायची. चिमूला पुढ्यात बसवून बोटं भराभर खालीवर करत दोन वेण्या, वर रिबिनीची फुलं. मी समोर चहाचा कप दोन्ही पंजांत धरून बसायचे. तिचे आभार मानायला हवे होते आणि मला तिचे हात झटकून टाकावेसे वाटत होते. एक दिवस चिमू म्हणाली, "आई, मोझेलबाई घट्ट घालतात. तू पूर्वी ढिली घालायचीस."

मी आत जाऊन कणकेच्या डब्याशी उभी राहिले. सुधीर मागून आला. पाळ्या, स्वयंपाक, माझा धुसफुसाट, सगळ्याने तोही वैतागला होता. म्हणाला, "शुभा, तुला नक्की दुःख कशाचं आहे? तू बरी होत नाहीस त्याचं, की ती बरी होतेय त्याचं?"

"दोन्हीचं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

सोडायचं ठरवलं

त्या रविवारी मी ठरवलं, ट्रायल सोडायची. फुकट साखर खायला महिन्याला मुंबईची खेप कशाला? मोझेलताईला तसं सांगितलं. ती उठली, तिची बाटली घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवली. "ही घे. तुझी मला दे. लेक तुझी लहान आहे. माझा पोरगा मोठा झालाय."

खरं सांगते, हात पुढे गेला होता. पण तिच्या चेहऱ्यावर इतकी सहज माया होती की मला ती सहन झाली नाही. भिकेत मिळालेलं औषध मला नको होतं. म्हटलं, "काही नको. डॉक्टरबाईंनी दिलंय तेच घेईन." आणि फणकाऱ्याने घरी आले.

घरी आल्यावर दुसराच विचार डोक्यात आला. मी सोडलं तर ती दर महिन्याला एकटी जाणार. तिचा पारा किती चढला ते मला कळणार नाही. ती एक दिवस सगळी बरी होऊन येणार आणि मी त्याआधीचं काहीच पाहिलेलं नसणार. ते मला चाललं नसतं. मला डोळ्यांसमोर बघायचं होतं. एवढ्यासाठी मी राहिले. दर महिन्याला एसटीत तिच्या शेजारी बसले, रोज मुंग्या फुंकून गोळी गिळली, एकही चुकवली नाही. आपण चुकवली आणि तिने नाही, असं व्हायला नको म्हणून.

तेल

पावसाळा संपता संपता एका सकाळी नळ फिरला. मी दोनदा बंद करून उघडून बघितला. दसऱ्याला तोरणात फुलं ओवली, वाकडीतिकडी. माझाही पारा वर सरकायला लागला. डॉक्टरबाई काही बोलायच्या नाहीत, फक्त आकडा सांगून पुढे जायच्या. माझ्याच आकड्यात मी इतकी रमले की शेवटच्या खेपांना मोझेलताईच्या पाऱ्याकडे बघायचंच राहिलं.

मला आनंद झाला, पण गोळीला श्रेय द्यायचा प्रश्नच नव्हता. माझी साखर होती ना. मी आत्याने पाठवलेल्या तेलाला श्रेय दिलं आणि आत्याला सांगून आणखी दोन बाटल्या मागवल्या. त्याच सुमाराला मुंग्याही यायच्या बंद झाल्या. सुधीर म्हणाला, "बघ, माझा खडू." मीही मान्य केलं.

वेण्या मात्र अजून मोझेलताईच घालत होती, हल्ली जरा सैल. मला जमेलसं वाटत होतं, पण तिच्यासमोर करून बघायचं धाडस होईना. हसली तर?

मलिदा

त्यांची कागदपत्रं आली. जायच्या आधी मोझेलताईने घरी मलिदा ठेवला. त्यांच्यात चांगलं काही झालं किंवा प्रवासाला निघायचं असलं की एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना करतात आणि पोहे, ओलं खोबरं, गूळ घालून मलिदा करतात, सोबत फळं. तिने मला सकाळीच बोलावलं. वाटलं, मानाने बोलावलंय. गेले तर विळी आणि नारळ माझ्यापुढे. "शुभा, तेवढे खवून दे गं."

मला राग आला. स्वतःचे हात ठणठणीत असताना मला खवायला बसवते. आजारी मी, आणि राबायचंही मीच? पण नारळ हातात धरला आणि खवत गेले. एक झाला, दुसरा झाला. पोहे मीच कालवले, फळं मीच चिरली. ती हात पदराखाली घेऊन पाटावर बसून होती आणि माझ्या बोटांकडे बघत होती. "छान चालतायत गं," म्हणाली. सॅमीभावोजींनी तिच्या तोंडाशी पाण्याचा पेला धरला, तेव्हाही मी मनात म्हटलं, किती ते लाड.

मलिद्यानंतर निघेपर्यंत ती चिमूच्या वेण्या घालायला आली नाही. मी घातल्या. ढिल्या, पण फाटकापर्यंत टिकल्या. संध्याकाळी सुटल्या नव्हत्या.

झाकण

सगळ्या पेशंटांचं पुरं झाल्यावर, बऱ्याच महिन्यांनी, डॉक्टरबाईंनी बोलावलं. "आता सांगता येतं. तुम्हाला औषध होतं."

मी म्हटलं, "चूक होतेय तुमची. माझ्या गोळ्यांना मुंग्या लागायच्या."

त्या हसायला लागल्या. औषध भयंकर कडू, म्हणून दोन्ही गोळ्यांना वरून साखरेचा सारखाच मुलामा होता, चवीवरून कळू नये म्हणून. "मुंग्या कुठल्याही गोळीला लागल्या असत्या. झाकण घट्ट लावत नव्हतात का?"

"लावता येत नव्हतं," मी म्हटलं.

म्हटलं, आणि तेव्हाच कळलं. झाकण नीट बसत नव्हतं म्हणून मुंग्या येत होत्या. मग यायच्या बंद झाल्या. खडूने नाही, तेलाने नाही. माझ्या बोटांना झाकण फिरवता यायला लागलं होतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मोझेलताईचं झाकण पहिल्या दिवसापासून सॅमीभावोजी लावत होते.

"आणि मोझेलताईला?"

"साखर. हे दुखणं काही जणांत आपोआप ओसरतं आणि पुन्हा भरून येतं. आशेनेही माणसाला बरं वाटतं. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांचा पारा खाली आला होता. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

बोलली नव्हती. मला आठवला मलिदा, आणि पदराखालचे हात. तरीही, माझा स्वभाव बघा, एसटीत बसल्यावर पहिला विचार आला तो हाच की हिला नुसत्या साखरेनेसुद्धा सहा महिने बरं वाटलं. मला अख्खं औषध पोटात जाऊनही तेवढे दिवस रडत काढावे लागले.

फोन

खालच्या मजल्यावरच्या कुळकर्ण्यांकडे इस्रायलहून फोन आला. मी जिने उतरून धावत गेले. रिसीव्हर एका हातात सहज धरला.

"शुभा, ऐक, पटकन बोलते," मोझेलताई म्हणाली. "माझी बोटं पुन्हा पार गेली. इथल्या डॉक्टरांना सांगितलंय की भारतात मला एका गोळीने फार बरं वाटलं होतं. ते नाव विचारतायत. तू डॉक्टरबाईंना विचारलंस का, माझी कुठली गोळी होती?"

वर्षभर मी ज्या क्षणाची वाट बघितली तो हा होता. एका वाक्यात जिंकता येत होतं.

"ताई, तुझी साखर होती."

परदेशचा फोन. तिचे पैसे पळत होते.

"आणि तुझी?"

"माझी खरी."

"अगं पण मुंग्या?"

मी झाकणाचं सांगितलं. ती हसली, मोकळी, पोटापासून हसली. "म्हणजे तुझ्या खऱ्या औषधावर मुंग्या पोसल्या. आणि मी तुला माझी साखर द्यायला निघाले होते, बघ." मग म्हणाली, "बरं झालं शुभा. बरं झालं तूच निघालीस चिठ्ठीत. चिमूच्या वेण्या तू घालतेस ना आता?"

मी हो म्हटलं. मी तिच्या जागी असते तर मला असं म्हणता आलं नसतं. आलं असतं तरी ते खरं नसतं. तिचं खरं होतं, मला आवाजावरून कळत होतं. बोटं, गोळ्या, सॅमीभावोजी, साखरेनेही लाभलेले ते सहा महिने, या सगळ्याचा हेवा केव्हाच संपला. या एका गोष्टीचा अजून आहे, आणि त्यावर मला कुठलं औषध लागू पडेलसं वाटत नाही.

"माझ्या औषधाचं नाव लिहून घे," मी म्हटलं. "तुझ्या डॉक्टरांना दाखव. घ्यायचं की नाही ते त्यांना ठरवू दे."

"थांब, पेन धरते."

पेन धरायला तिला वेळ लागला. मग मी एकेक इंग्रजी अक्षर सांगत गेले, आणि प्रत्येक अक्षरानंतर ती "हं" म्हणेपर्यंत थांबले.